अडकित्ता विमानात का चालत नाही?

वर्धा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. विमान पकडायचे तर नागपूरला, सोनेगावच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावर जायचे. वर्ध्याहून सुमारे पाऊणशे किलोमीटर. आम्ही चार शिक्षक एका विज्ञान शिबिरासाठी असेच निघालो होतो. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सरांजवळ पानाची चंची असते. तिच्यात सुपारी, कात, चुन्याची डबी आणि त्यांच्या वडिलांच्या वेळचा अडकित्ता. जाताना ही चंची कपड्यांबरोबर मोठ्या बॅगेत होती. बॅग काउंटरवर दिली, ती विमानाच्या पोटात गेली आणि उतरल्यावर सुखरूप हाती आली.

परतताना सरांनी चंची खांद्यावरच्या झोळीत टाकली. क्ष-किरण यंत्रातून झोळी पुढे आली, पुन्हा मागे गेली, आडवी ठेवून परत आत सोडली गेली. मग एका जवानाने नम्रपणे विचारले, "काका, यात कात्रीसारखे काय आहे?"

सर म्हणाले, "अडकित्ता. सुपारी कातरायचा. येताना तर चालला, मग जाताना का नाही? अडकित्ता तोच आहे, मीही तोच आहे."

मागे रांग होती आणि जवानाला उत्तर देत बसायला वेळ नव्हता. प्रश्न मात्र विज्ञानाच्या शिक्षकाला शोभणारा होता. वस्तू तीच, माणूस तोच. मग यंत्राने नेमके काय ओळखले, आणि नियमाने नेमके काय अडवले? या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. ती एकमेकांत मिसळली की विमानतळावरची तपासणी उगाच गूढ किंवा उगाच मूर्खपणाची वाटू लागते.

दार काय ओळखते?

प्रवाशाला ज्या चौकटीतून चालत जावे लागते ती चौकट चाकू ओळखत नाही, शस्त्रही ओळखत नाही. ती फक्त वीजवाहकता आणि चुंबकत्व यांना प्रतिसाद देते. चौकटीच्या खांबांत तांब्याच्या तारेची वेटोळी दडवलेली असतात. त्यांतून सेकंदाला शेकडो वेळा विजेचा अगदी छोटा ठोका सोडतात. प्रत्येक ठोक्याबरोबर चौकटीत चुंबकीय क्षेत्र उभे राहते आणि लगेच कोसळते. कोसळणारे क्षेत्र म्हणजे बदलणारे क्षेत्र, आणि बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात धातूचा तुकडा असला की त्यात वीजप्रवाह निर्माण होतो, हे आपण फॅरडेच्या धड्यात शिकवतोच. धातूच्या तुकड्यात हे प्रवाह पाण्यातल्या भोवऱ्यासारखे गोल फिरतात, म्हणून त्यांना भोवरा प्रवाह म्हणतात. ठोका थांबला तरी ते काही दशलक्षांश सेकंद रेंगाळतात आणि स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात. ग्राहक वेटोळे तो रेंगाळलेला क्षीण आवाज पकडते. दार वाजते ते यामुळे.

वर्गात भोवरा प्रवाह दाखवायला महागडे साधन लागत नाही. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, जाडसर परात किंवा पत्रा घ्या आणि तिरका धरा. जुन्या संगणकाच्या हार्ड डिस्कमधून काढलेले जोरकस चुंबक त्यावरून घसरू द्या. तेवढ्याच उताराच्या गुळगुळीत लाकडी फळीवरून ते सर्रकन घसरते, पत्र्यावरून मात्र मधातून चालल्यासारखे हळूहळू उतरते. आता मुलांना विचारा, चुंबक ॲल्युमिनियमला चिकटते का? चिकटत नाही. मग त्याला अडवतो कोण? (साध्या काळ्या चुंबकाने हा परिणाम जेमतेम दिसतो. त्याने प्रयोग फसला तर निराश होऊ नका.)

याला जोडून आणखी एक छोटी तपासणी करायला हरकत नाही. घरातले स्टेनलेस स्टीलचे फुलपात्र आणि स्टेनलेस स्टीलचाच चाकू, दोघांना चुंबक लावून पाहा. फुलपात्राला ते बहुधा चिकटत नाही, चाकूच्या पात्याला चिकटते. दोन्ही स्टेनलेस, मग फरक कसला? भांड्याच्या पोलादात निकेल किंवा मँगनीज घालतात. त्यामुळे लोहाच्या अणूंची मांडणी बदलते आणि ते चुंबकाला दाद देत नाही. पात्याला धार टिकवायची असते. त्यासाठी कार्बन असलेले पोलाद लाल होईपर्यंत तापवून झटकन थंड करतात, पाणी देतात. या कठीण पोलादाची मांडणी चुंबकीय असते. गावातल्या लोहाराला यातले अणू माहीत नसतील, पण पाणी कधी द्यायचे ते तो रंगावरून अचूक सांगतो.

अमेरिकेत ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक विमानप्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. त्या काळातली दारे चुंबकीय क्षेत्रातील बदल मोजणारी होती. तेव्हापासून यंत्रे पुष्कळ सुधारली, तरी मूळ मर्यादा तीच आहे. किल्ल्यांचा जुडगा, कमरेचा पट्टा, गुडघ्यात बसवलेला कृत्रिम सांधा आणि चाकू, सर्वांचे उत्तर एकाच भाषेत येते. कमी संवेदनक्षम ठेवले तर चाकू निसटेल, जास्त ठेवले तर चोळीचा हूकही वाजेल. म्हणून दारानंतर हातातले शोधक यंत्र आणि माणसाचा हात लागतोच. ही अडचण फार जुनी आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेल यांनी प्रवर्तनावर चालणारे यंत्र नेले होते. गोळी सापडली नाही. अपयशाचे एक कारण असे सांगतात की अध्यक्षांच्या गादीतल्या पोलादी स्प्रिंगा यंत्राला गोंधळात टाकत होत्या.

पडद्यावरचे रंग

सरांचा अडकित्ता मात्र दाराने नव्हे, क्ष-किरणांनी पकडला. क्ष-किरण वस्तूतून जाताना काही प्रमाणात शोषले जातात, आणि हे शोषण दोन गोष्टींवर ठरते : वस्तू किती दाट व जाड आहे, आणि तिच्यातल्या अणूंचा अणुक्रमांक किती आहे. कमी ऊर्जेचे क्ष-किरण अणुक्रमांकाला फार संवेदनक्षम असतात; जास्त ऊर्जेचे किरण मुख्यतः दाटपणाकडे पाहतात. विमानतळावरील यंत्रात पट्ट्याखाली किंवा बाजूला शोधकांचे दोन थर असतात. पहिला थर कमी ऊर्जेचे किरण टिपतो, दुसरा उरलेले जास्त ऊर्जेचे. दोन्ही आकड्यांची तुलना करून संगणक साधारण किती अणुक्रमांकाचा पदार्थ समोर आहे याचा अंदाज बांधतो आणि त्याला रंग देतो.

बहुतेक यंत्रांत कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन यांसारख्या हलक्या अणूंचे पदार्थ नारिंगी दिसतात. सुपारी, कात, पोळीभाजी, पुस्तक, खादीचा सदरा, सगळे नारिंगी. ॲल्युमिनियमसारखे मधले पदार्थ हिरवे आणि लोखंड, तांबे, पितळ निळे. फारच जाड धातू असेल तर किरण पलीकडे पोचतच नाहीत, तिथे काळा डाग येतो. म्हणजे सरांची चंची पडद्यावर कशी दिसली असेल याचे चित्र मुलांकडून रंगवून घेता येईल. नारिंगी सुपाऱ्यांच्या गर्दीत हिरवट डबी, आणि त्यांच्यावर आडवी पडलेली, दोन दांड्यांची निळीशार आकृती.

झोळी पुन्हा आडवी करून का सोडली? क्ष-किरणांचे चित्र म्हणजे शेवटी सावली. चपटी वस्तू उभी पडली तर तिची सावली एक रेघ होते. सकाळच्या उन्हात पोस्टकार्ड वेगवेगळ्या कोनांत धरले की हे कळते. हल्ली अनेक यंत्रांत दोन दिशांनी चित्र घेतात, आणि काही विमानतळांवर दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखी यंत्रेही आली आहेत.

पडद्यासमोर बसलेल्या माणसाचे काम सोपे नाही. हजारो बॅगांत बहुधा काहीच सापडत नाही, आणि काहीच सापडत नाही याची सवय लागणे हाच मोठा धोका. यावर एक उपाय शिक्षकांना आवडेल. यंत्र अधूनमधून खऱ्या बॅगेच्या चित्रात खोट्या चाकूचे किंवा पिस्तुलाचे चित्र मिसळते आणि माणसाने ते ओळखले की नाही याची नोंद ठेवते. न सांगता घेतलेली चाचणी परीक्षाच ही!

धार मोजायची कशी?

इतके झाले तरी यंत्राने काय सांगितले? इथे निळी, दोन दांड्यांची वस्तू आहे, एवढेच. ती धोकादायक आहे की नाही हे त्याने सांगितले नाही, सांगूही शकत नाही.

पात्याचे सामर्थ्य त्याच्या धारेत असते. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल. बोथट सुरीची कडा १ मिलिमीटर जाड आहे, २ सेंटीमीटर लांबीवर ती टेकली आहे आणि आपण १० न्यूटन बल लावले, म्हणजे सुमारे एक किलो वजनाइतके, असे समजा. दाब होईल ५ लाख पास्कल, जवळजवळ ५ वातावरणांइतका. तीच सुरी सहाणेवर घासून कडा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी केली की तेवढ्याच बलाने दाब हजारपट, म्हणजे ५,००० वातावरणे. अडकित्त्यात याला तरफेची जोड मिळते. टेकू एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला, सुपारी मध्ये; दुसऱ्या प्रकारच्या तरफेचे याहून चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही. टेकूपासून सुपारी ३ सेंटीमीटरवर आणि मूठ १२ सेंटीमीटरवर असेल तर बल चौपट.

म्हणजे धोक्याचे मूळ मिलिमीटरच्या हजाराव्या भागात आहे, आणि तो भाग पडद्यावर दिसत नाही. विमानतळावर धार तपासायची म्हटली तर प्रत्येक चाकूने कागद कापून पाहावा लागेल! प्रवाशाचा हेतू तर कोणत्याच यंत्राला मोजता येत नाही. म्हणून नियम करणारे असे काहीतरी शोधतात जे चटकन मोजता येईल आणि ज्यावर मोजणारा व मोजला जाणारा दोघांचे एकमत होईल. ते म्हणजे लांबी. मोजपट्टी लावली, प्रश्न मिटला. लांबी हा धोक्याचा फार चांगला निकष आहे म्हणून नव्हे, तर तो निदान वादातीत आहे म्हणून नियमांत बसला.

सहा सेंटीमीटर की शून्य?

वादातीत निकष सापडला तरी रेघ कुठे मारायची हा वाद उरतोच. ११ सप्टेंबर २००१ पूर्वी अमेरिकेत ४ इंचांहून लहान पात्याचा चाकू विमानात नेता येत असे. त्या दिवशीच्या अपहरणकर्त्यांनी चाकूच वापरले. त्यानंतर तिथे चाकू सरसकट बंद झाला. युरोपीय संघाच्या यादीत मात्र ६ सेंटीमीटरहून लांब पातेच निषिद्ध आहे. कॅनडानेही २०१७ मध्ये, अमेरिकेला जाणारी विमाने वगळून, ६ सेंटीमीटरची मुभा दिली.

अमेरिकेतही ५ मार्च २०१३ रोजी हीच ६ सेंटीमीटरची सवलत जाहीर झाली होती. सुरक्षा खात्याचे म्हणणे असे : वैमानिकाच्या कक्षाचे दार आता मजबूत केले आहे, छोट्या चाकूने विमान ताब्यात घेता येणार नाही, चाकू शोधण्यात जाणारे लक्ष स्फोटकांकडे वळवू. हिशेब चुकीचा नव्हता. पण विमानातले परिचारक-परिचारिका मजबूत दाराच्या अलीकडे, प्रवाशांमध्ये असतात. विमान सुरक्षित राहील, आमचे काय, असे त्यांच्या संघटनांनी विचारले. जूनमध्ये खात्याने निर्णय मागे घेतला. धोका किती, या प्रश्नाबरोबर धोका कोणाला, हा प्रश्न विचारला की उत्तर बदलते, ते असे.

आपल्याकडचा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले 'गंगा' नावाचे विमान खेळण्यातल्या पिस्तुलाच्या धाकावर लाहोरला नेले गेले. १९७६ च्या अपहरणानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमानवाहतूक सुरक्षा कक्ष स्थापन झाला, आणि १ एप्रिल १९८७ पासून तो स्वतंत्र खाते बनला. आपल्या विमानतळांवर काय न्यावे, काय नेऊ नये, याची यादी हेच खाते ठरवते. २९ सप्टेंबर १९८१ रोजी दिल्लीहून श्रीनगरकडे निघालेले विमान लाहोरला नेले गेले तेव्हा अपहरणकर्त्यांच्या हाती कृपाणे होती. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून निघालेल्या आयसी ८१४ मध्ये एका तरुण प्रवाशाचा चाकूच्या वारांनी मृत्यू झाला. त्यानंतर विमानतळांची तपासणी राज्यांच्या पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवायला फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात झाली. हे सगळे पाहिल्यावर आपल्या यादीत चाकूला लांबीची सवलत नाही याचे नवल वाटत नाही. चाकू कोणत्याही लांबीचा असो, हातसामानात नको.

याला एक अपवाद आहे, आणि त्यातली रेघ पुन्हा लांबीचीच. भारतातल्या भारतात, भारतीय विमानांतून जाणाऱ्या शीख प्रवाशांना कृपाण जवळ बाळगता येते, पाते १५.२४ सेंटीमीटरपर्यंत आणि एकूण लांबी २२.८६ सेंटीमीटरपर्यंत. आकडे विचित्र वाटतात ना? २.५४ ने भागून पाहा : ६ इंच आणि ९ इंच. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात कृपाण धारण करणे हा शीख धर्माचरणाचा भाग मानला आहे. मार्च २०२२ च्या आदेशातील या सवलतीविरुद्धची याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये फेटाळली. घटनेने दिलेला हक्क आणि विमानातील सुरक्षा या दोहोंचे वजन करून मारलेली ही रेघ आहे. निव्वळ पदार्थविज्ञानातून ती निघाली नसती.

आणि ज्या वस्तूचे यादीत नावच नाही तिचे काय? या याद्या जगभर एकमेकींवरून तयार होतात. आपल्याकडच्या यादीतही बर्फात चढायची कुऱ्हाड आहे. वर्ध्याच्या मे महिन्यात ती कोणाला सुचणार! अडकित्त्याचे नाव मी तरी कुठल्या यादीत पाहिलेले नाही. सेवाग्रामहून पेटी चरखा घेऊन जाणाऱ्या पाहुण्यांच्या सामानात टोकदार पोलादी चाते असते, त्याचेही नाही. अशा वेळी 'धारदार व टोकदार वस्तू' या सदराखाली तिथला अधिकारी ठरवतो, आणि दोन अधिकाऱ्यांचे मत वेगळे पडू शकते. चात्यासारखी वस्तू सरळ मोठ्या बॅगेत टाकावी हे बरे.

प्रयोगाची पेटी नेताना

आता सरांच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. विमानाच्या पोटात ठेवलेल्या बॅगेपर्यंत उड्डाणात कोणाचाही हात पोचत नाही. तिथला अडकित्ता हा नुसता पोलादाचा तुकडा. झोळीतला अडकित्ता हाताच्या अंतरावर असतो. नियम वस्तूवर नाही, वस्तू आणि हात यांच्यातील अंतरावर आहे.

हेच सूत्र धरले तर उलटा दिसणारा नियमही उलगडतो. मोबाईल चार्ज करायची पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालत नाही, ती हातातच ठेवावी लागते. लिथियमच्या बॅटरीचा धोका कोणी हाती घेण्याचा नसून तिने आपोआप पेट घेण्याचा आहे. वर पेटली तर माणसे विझवू शकतात. खाली पेटली तर कळायलाही उशीर. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी साधारणपणे चालते. २०,००० मिलिअँपिअर-तास आणि ३.७ व्होल्ट असे लिहिलेले असेल तर २० गुणिले ३.७, म्हणजे ७४ वॅट-तास. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित अवश्य द्यावे.

शिबिराला जाणाऱ्या शिक्षकांची पेटी म्हणजे तपासणीसाची डोकेदुखी. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, हॅकसॉचे पाते, ब्लेड, दाभण, कंपासमधले कर्कटक, तारांची भेंडोळी आणि सेल. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि मुलांच्या हाती औजार द्यावे, त्यातून शिकवावे, हा विचार तिथे मांडला गेला. त्या जिल्ह्यातल्या शिक्षकाने औजारे घरी ठेवून प्रवास करावा असे मला वाटत नाही. ती मोठ्या बॅगेत न्यावीत. पात्यांना पुठ्ठ्याचे म्यान करून वर चिकटपट्टी लावावी, म्हणजे बॅग उघडून पाहणाऱ्याचा हात कापणार नाही. वर एका कागदावर आतल्या वस्तूंची यादी ठेवावी. बॅटरीवर चालणारा स्क्रू ड्रायव्हर असेल तर त्याची सुटी बॅटरी काढून हातसामानात, अग्रांवर चिकटपट्टी लावून. काडेपेटी आणि लायटर घरीच ठेवावे. अमेरिकेत ७ इंचांपर्यंतची पक्कड आणि खिळीपासून ४ इंचांपर्यंत पात्याची कात्री हातसामानात चालते, असे तिकडच्या नातेवाइकांकडून कळले तरी त्या भरवशावर इथे राहू नये. परदेशातून येताना मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी होते आणि तिथला नियम तिसराच असू शकतो.

शाळेत एक उपक्रम करून पाहण्यासारखा आहे. आठवीच्या वर्गाला सांगा : शाळेत धोकादायक वस्तू आणू नयेत यासाठी एका वाक्यात नियम लिहा. अट एवढीच की दारावर उभ्या असलेल्या शिपायाला तो मोजपट्टी, तराजू किंवा चुंबक वापरून लागू करता आला पाहिजे. आमच्याकडे एका गटाने 'धातूची टोकदार वस्तू नको' असे लिहिले आणि सगळ्या कंपासपेट्या बाहेर राहिल्या. दुसऱ्या गटाने '१० सेंटीमीटरपेक्षा लांब नको' असे लिहिले, तर फूटपट्टी अडली आणि ब्लेड आत गेले. तासभर भांडण झाले. त्या भांडणात मुलांनी जे नियम खोडले आणि पुन्हा लिहिले, ते वहीत तारखेसह ठेवले आहेत.

राहिला सरांचा अडकित्ता. विमान सुटायला पन्नास मिनिटे होती. झोळीतली पुस्तके आणि चष्मा आम्ही आमच्या पिशव्यांत भरले, अडकित्ता टॉवेलात गुंडाळून रिकाम्या झोळीत घातला, आणि आमच्यातला सर्वांत तरुण मास्तर ती घेऊन काउंटरकडे पळाला. नागपूरला सामानाच्या पट्ट्यावर मोठमोठ्या बॅगांमध्ये ती खादीची झोळी चिठ्ठी लावून एकटीच फिरत आली. सरांनी ती उचलली, बाहेर येऊन गाडीच्या बॉनेटवर चंची उघडली आणि आधी चौघांना सुपारी कातरून दिली.